खोडलेले सातवे कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त (हा शब्द वकीलबाईंचा, माझा नाही, त्याबद्दल पुढे येईल), असे लिहून ठेवते की हा मजकूर मी माझ्या राहत्या घरी, मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी तेवीसपर्यंत पोहोचले तेव्हा तेच कंटाळले.

अक्षर तीन तऱ्हांचे दिसेल. तिन्ही तऱ्हा माझ्याच. सकाळी दहाच्या आधी माझी बोटे उघडत नाहीत. दहानंतर तासभर ती ऐकतात, आणि त्यानंतर लिहिलेले मलाही लावून वाचावे लागते. त्यामुळे या कागदांना आठ दिवस लागले आहेत. कोणी शंका काढली तर हे उत्तर समजावे.

मृत्युपत्र आत्ताच का, तर पुढच्या महिन्यात माझ्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांची शस्त्रक्रिया आहे. संधिवात माझ्याकडे सव्वीस वर्षांपूर्वी आला. बोटे, मनगटे, गुडघे करत आता तो मानेपर्यंत चढला आहे. सर्जन म्हणाले, शस्त्रक्रिया केली नाही तर एखादा साधा धक्काही महागात पडेल, आणि केली तर टेबलावरही काही होऊ शकते. मी विचारले, "तुमच्या आईला असतं तर काय केलं असतं?" ते म्हणाले, "आईला विचारलं असतं." हे उत्तर मला पटले, म्हणून मी होकार दिला. होकार दिल्यापासून मला नीट झोप नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर मी फार धीराची होते असे कोणी तरी सांगत फिरेल.

१. घर. या घराचा अर्धा हिस्सा वडिलांनी माझ्या नावे केला, अर्धा धाकट्या भावाच्या. माझा हिस्सा माझ्या पुतणीला, म्हणजे भावाच्या मुलीला मिळावा. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते. माझेही कित्येकदा तिनेच तपासले, आणि आकडा वाईट असला की ती घरी येऊन आधी भांडी घासायची. मी त्यावरून ओळखायचे. तिने या खोलीचे काहीही करावे. फक्त नळांना बसवलेले लांब दांडे लगेच काढू नयेत. कोपराने नळ उघडता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याची मूठ वळते त्याला कळत नाही, आणि तिला ते कधीच कळू नये अशी माझी इच्छा असली, तरी दांडे असू द्यावेत.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते भावाला. तो फारसा बोलत नाही. पण माझ्या औषधांसाठी इतकी वर्षे दुकानाच्या रांगेत तोच उभा राहिला, आणि त्या रांगेबद्दल त्याने घरी येऊन एकदाही कुरकुर केली नाही.

३. उंच पाठीची खुर्ची भावजयीला. तिच्याबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी आहेत. एक, ती बरण्यांची झाकणे इतकी घट्ट लावते की मला साखरेसाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. मी चौदा वर्षे मानत आले की ती हे मुद्दाम करते. दुसरी, पाहुण्यांसमोर ती एकदा म्हणाली होती, "दिसत तर काही नाही हो यांच्याकडे बघून." ते खरे होते. त्या दिवशी मी नीट साडी नेसून, केस विंचरून बसले होते. त्या नेसण्याला पाऊण तास लागला होता आणि नंतरचा सगळा दिवस मी पडून काढला, हे तिला माहीत नव्हते, आणि मीही सांगितले नाही. माणूस बरा दिसला की खोटा ठरतो आणि आजारी दिसला की नकोसा होतो. यातून मला मार्ग सापडला नाही. खुर्ची मात्र चांगली आहे, पाठीला आराम पडतो.

४. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तेलाच्या बाटल्या, चुंबकाचे कडे, तांब्याचे कडे, आणि "महिनाभर घेऊन तर बघ" म्हणून दिलेली चूर्णे आहेत. कोणी काय दिले याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. प्रत्येकाला आपापली वस्तू परत करावी. ती माणसे वाईट नव्हती. दोनदा चौकशी करून झाली, तिसऱ्यांदा काय विचारायचे ते त्यांना सुचत नसे, म्हणून ती बाटली घेऊन येत. बाटलीचा उपयोग झाला नाही असे मी सांगितले की ती माझ्यावरच नाराज होत. पुढे पुढे येईनाशी झाली. लांबणाऱ्या आजारात मैत्रिणी भांडून जात नाहीत. त्यांची मुले मोठी होतात, बसचे मार्ग बदलतात, आणि एक दिवस आपल्या लक्षात येते की वर्ष होऊन गेले.

५. मी गेल्यावर "सुटली बिचारी" असे घरात कोणी म्हणू नये. म्हटलेच तर पुतणीने सांगावे, की आत्या एका पुस्तकाच्या मध्यावर होती आणि तिला पुढचे वाचायचे होते. हे खोटे ठरणार नाही. मी नेहमीच कुठल्या तरी पुस्तकाच्या मध्यावर असते.

६. पुस्तके. माझी पुस्तके बघणाऱ्याला धक्का बसेल म्हणून खुलासा करते. त्यांना पुठ्ठे नाहीत, कणा नाही. छापलेला मोठा कागद दुमडून सोळा पानांची जी जुडी होते तिला आम्ही फॉर्मा म्हणतो. असे फॉर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होते. मी जन्मभर फॉर्मे शिवले आणि गेली अकरा वर्षे ते उसवते आहे, कारण माझ्या मनगटांना अख्खे पुस्तक पेलत नाही. सोळा पाने पेलतात. पहिल्या पुस्तकाचा दोरा कापला त्या दिवशी मी दार लावून घेतले होते, कोणी बघेल म्हणून.

कारखान्यात आम्ही हजारो पुस्तके हाताळली, पण हाताशी येईल तो फॉर्मा वाचायचा, असे वाचन. कित्येक पुस्तकांची मला फक्त तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पाने माहीत होती. लग्न ठरलेले असायचे, कोणाशी ते माहीत नाही. खून झालेला असायचा, केला कोणी ते शेजारच्या टेबलावर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला मला आजारानेच बसवले. त्याचे हे एक मान्य करायला हवे. पण दुखणे जोरात असते तेव्हा वाचणेही होत नाही. एकच ओळ चार वेळा वाचते आणि चारही वेळा ती नवी असते. वाचनाने वेदना विसरता येते असे जे म्हणतात त्यांना साधे दुखत असावे.

ग्रंथालयाचे एक जाडजूड पुस्तकही मी असेच उसवले होते. पुन्हा शिवून देईन असा विचार होता, पण हातच धरले, चार महिने सुई उचलता आली नाही. शेवटी ग्रंथपाल जिना चढून आले. त्यांनी पलंगावर पसरलेले फॉर्मे पाहिले, माझे सभासदत्व रद्द झाल्याचे सांगितले, चहा घेतला आणि माझे हात पाहिले. पंधरा दिवसांनी त्यांनी आणखी एक जाड पुस्तक पाठवले, सोबत चिठ्ठी: "हेही जड आहे. एक आजोबा विचारत होते." तेव्हापासून त्यांच्याकडे सुट्या पुस्तकांचे एक कपाट आहे. माझी सर्व सुटी पुस्तके, प्रत्येक पुस्तक नाडीने बांधलेले आहे, त्या कपाटाला द्यावीत. नाड्यांना गाठ मारू नये, फास मारावा. गाठ सुटत नाही.

७. (हे कलम खोडले आहे. कारण नवव्या कलमात. एकच रेघ मारली आहे, वाचता येते.)

माझी बांधणीची हत्यारे, म्हणजे घडीची हाडाची पट्टी, दोन दाभणे, कात्री, सुरी आणि शिवणीची लाकडी चौकट, ही कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारीला द्यावीत. तिला आम्ही मुकादम म्हणत असू. खरा मुकादम वेगळा होता, पण तोही तिला विचारून चहाला जायचा. ती मला घडीबाई म्हणायची, कारण माझ्या हातच्या घडीत कागदाची कड कडेला लागलेली असे. आमची टेबले एकवीस वर्षे शेजारी होती.

तिला वाचायचा कंटाळा आणि ऐकायची हौस. जेवणाच्या सुट्टीत मी हाताशी असेल तो फॉर्मा मोठ्याने वाचायचे. सोळा पाने संपली की ती म्हणायची, "पुढं?" आणि उठून कारखानाभर पुढचा फॉर्मा शोधत फिरायची.

माझी बोटे पुरती बिघडली तेव्हा सकाळच्या पाळीला मला कागद दुमडता येईना. तिने काही न विचारता माझ्या गठ्ठ्यातला अर्धा गठ्ठा आपल्या टेबलावर ओढला. संध्याकाळी दोघींचे काम सारखे दिसायचे. हे तीन वर्षे चालले. एकदा मी म्हटले, "राहू दे गं, मी सांगते मालकांना." ती म्हणाली, "गप वाच." मग मी वाचायचे आणि ती दोन टेबलांचे काम करायची.

एके दिवशी कागद कापणारा माणूस आला नव्हता म्हणून मला कापायच्या मशीनवर उभे केले. पाते खाली आले तेव्हा माझा डावा हात मला वेळेत उचलता आला नाही. मुकादमने मागून कोपर ओढले. पात्याने बाहीची कड तेवढी नेली. रक्त नाही, काही नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मालकांच्या खोलीत गेली आणि संध्याकाळी मालकांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. याला निवृत्ती म्हणत नाहीत.

मी सगळ्यांना सांगितले की मुकादमने माझ्या पोटावर पाय दिला. तिने दोनदा फोन केला. एकदा ती जिन्यापर्यंत आली. मी आतून सांगायला लावले की झोपले आहे. मी जागी होते. त्याला अकरा वर्षे झाली.

आता कबूल करते की तिने माझी बोटे वाचवली आणि ती पुन्हा धोक्यात येऊ नयेत म्हणूनच मालकांना सांगितले. हे मला त्याच संध्याकाळी कळले होते. तरी मी राग धरला, कारण आजारावर रागावता येत नाही, त्याला तोंड नाही. मुकादमला तोंड होते. हत्यारांबरोबर हे तिच्या हाती पडावे, आणि तेव्हा मी समोर नसावे.

८. वर न लिहिलेले जे काही उरेल, भांडी, कपडे, रेडिओ, ते पुतणीने ठरवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मृत्युपत्र इथे संपायचे होते.

९. ते संपले नाही, कारण सातव्या कलमात मुकादमचा पूर्ण पत्ता हवा होता आणि पुतणीने मला न विचारता तिला फोन केला. आज रविवार. दुपारी चार वाजता सह्यांसाठी वकीलबाई आल्या होत्या. पहिले साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे घड्याळे दुरुस्त करणारे काका आले होते. दुसरे ग्रंथपाल व्हायचे होते, पण पुस्तके त्यांच्या ग्रंथालयाला जाणार म्हणून वकीलबाईंनी त्यांना नको म्हटले. दुसरी जागा रिकामी होती. तेवढ्यात मुकादम आली.

यंत्रांच्या आवाजाने तिला आता कमी ऐकू येते. तिच्याशी ओरडून बोलावे लागते, त्यामुळे आमच्यात जे बोलणे झाले ते पूर्ण घराने ऐकले. त्याला इलाज नव्हता.

"मला कशाला आठवलंस?" ती दारातूनच म्हणाली.

मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावला आणि सातवे कलम ओळीवर बोट ठेवून वाचले. वेळ लागला. भावजय पाणी घेऊन आली आणि ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे असं नव्हतं," मुकादम म्हणाली.

"काय नव्हतं?"

"तुझी बोटं वाचवायला मी मालकाकडे नव्हते गेले. मी दमले होते. दोन टेबलांचं काम करून तीन वर्षं मी दमले होते. जाऊन सांगायचं, हे मी आठ दिवस आधीच ठरवलं होतं, फक्त तोंड होत नव्हतं. तुझा हात अडकता अडकता राहिला, ते मला निमित्त मिळालं."

मी म्हटले, "मग मला का नाही सांगितलंस? मी स्वतः सोडलं असतं."

"तू सोडलं नसतंस. तू वाचत बसली असतीस." मग जरा हळू, तिच्या मानाने हळू, म्हणाली, "आणि मला पुढचं ऐकायचं होतं, हेही होतंच."

अकरा वर्षे मी तिला लोकांसमोर वाईट ठरवले आणि मनात चांगले ठरवून ठेवले होते. ती या दोन्हींतली नव्हती. मला राग आला का, असे कोणी विचारले तर आला. तिच्या दमण्याचा मी एकदाही विचार केला नव्हता, म्हणून आला, आणि तो नेमका कोणावर ते मला अजून लावता आलेले नाही. आजारी माणसाला वाटते की दमणे हा त्याचाच हक्क आहे.

"ते लिही," ती म्हणाली. "मी काय बोलले ते लिही. या कागदावर मी देवमाणूस म्हणून राहणार नाही."

मी सांगितले की आजचा माझा हात संपला, पुतणी लिहील. ती म्हणाली, "तूच लिही. मी थांबते." म्हणून हे नववे कलम मी तिच्यासमोर लिहीत आहे. अक्षर वाईट आहे. सहा वाजत आले आहेत. ती उंच पाठीच्या खुर्चीत बसली आहे आणि अधूनमधून "झालं का?" असे विचारते.

मध्येच तिने वकीलबाईंना विचारले, "साक्षीला दुसरं कोण आहे?" त्या म्हणाल्या, "अजून कोणी नाही. तुम्ही करू शकला असता, पण तुम्हाला हत्यारं मिळणार आहेत ना. ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये."

"मग ते खोडा."

"अहो, पण यांची इच्छा आहे की..."

"मला काय करायचीत ती हत्यारं?" तिने उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा मुळाशी सुजून आत वळला होता आणि तिने तो हलवायचा प्रयत्न करूनही हलला नाही. घड्याळवाले काका वाकून बघू लागले, जणू उघडून दुरुस्तच करतील.

वकीलबाई बिचाऱ्या चांगल्या मनाने म्हणाल्या, "सही जमत नसेल तर अंगठा चालेल."

"अंगठाच तर चालत नाही," मुकादम म्हणाली आणि हसली. आम्ही कोणी हसलो नाही.

मी विचारले, कधीपासून. ती म्हणाली, "तुझ्या शेवटच्या वर्षापासून. शिवण जास्त झाली, म्हणाले डॉक्टर."

"मला बोलली नाहीस कधी."

"सांगायला आले होते. तू झोपलेली होतीस ना."

सव्वीस वर्षे मी माझ्या हातांचा हिशेब ठेवला. कुठले बोट कोणत्या महिन्यात वळले, सगळे मला पाठ आहे. शेजारच्या टेबलावरच्या हाताकडे मी पाहिले नाही. मी वाचत होते. सव्वीस वर्षांत मला आलेल्या दुखण्यांपैकी हे सर्वांत नवे आहे आणि याला गोळी नाही.

सातवे कलम मी रेघ मारून खोडले आहे आणि रेघेशेजारी सही केली आहे. हत्यारे आठव्या कलमात गेली असे समजावे.

शेवटी मी तिला विचारले, "राग आहे का अजून?" दोनदा विचारावे लागले, पहिल्यांदा तिला ऐकू आले नाही.

ती म्हणाली, "ते माझं मलाच माहीत नाही. ऑपरेशन कुठल्या तारखेला आहे?"

मी तारीख सांगितली. तिने ती मोठ्याने परत म्हटली, आणि सही कुठे करायची ते दाखव म्हणाली.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर मी घरी परत आले तर नवे करीन, कारण यात बदलावे असे पुष्कळ आहे.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला, मागची खोली.
तारीख: एकोणीस, रविवार, संध्याकाळी सव्वासहा.

लिहून देणार: (सही) घडीबाई, आणि त्याखाली पूर्ण नावाची सही.

साक्षीदार पहिले: (सही) खालच्या मजल्यावरील घड्याळ-दुरुस्तीवाले.

साक्षीदार दुसरी: (सही) कारखान्यातील सहकारीण. पेन तर्जनी आणि मधल्या बोटात धरून, कोणालाही हात लावू न देता, आमच्या सर्वांसमोर.